क्लबच्या मालकाचं ऑडिट घरबसल्या कसं करावं

फुटबॉल क्लबचा मालक किती श्रीमंत आहे हा प्रश्न आधी सोडून द्या. त्याचं उत्तर श्रीमंतांच्या कुठल्याही यादीत मिळतं आणि त्यातून क्लबबद्दल काडीचंही कळत नाही. मी नेरुळला राहते, सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब तपासते. आमच्या इमारतीतली मुलं मॅच संपल्यावर रात्री दीड वाजता जिन्यात भांडतात, आणि भांडणाचा विषय बहुतेक वेळा खेळ नसतोच, कुणाच्या क्लबचा मालक भारी हा असतो. मला ते भांडण कायम अर्धवट वाटतं. पैसा आला हे कबूल, पण तो आला कोणत्या वाटेने? मालकाने पदरमोड केली, क्लबला उसने दिले, की बाहेरून कर्ज काढून ते क्लबच्याच गळ्यात बांधलं? तिन्ही मालक टीव्हीवर सारखेच दिसतात, तसाच सूट, तशीच खुर्ची. कागदावर मात्र तिघांचं वेगळं दिसतं, आणि कागद फुकट मिळतात.

लागणार काय, तर मोबाइलपेक्षा मोठा पडदा, एक वही आणि एक निवांत दुपार. मॅचच्या रात्री हे काम करू नका. आपला क्लब हरलेला असताना त्याचा ताळेबंद कुणालाच नीट वाचता येत नाही.

कागद कुठून काढायचे

सुरुवात इंग्लंडपासून करा. तिथे प्रत्येक कंपनीचे हिशेब ‘कंपनीज हाउस’ या सरकारी नोंदणी कार्यालयात जमा होतात, आणि त्यांच्या संकेतस्थळावरून ते कुणीही उतरवून घेऊ शकतं. लॉगिन नाही, शुल्क नाही. शोधाच्या चौकटीत क्लबचं नाव टाकलं की एकाऐवजी बऱ्याच कंपन्या समोर येतील. त्यात गोंधळून जायचं कारण नाही. क्लबच्या नावाची कंपनी ही सहसा तळाची पायरी असते. खरी गोष्ट वरच्या पायरीवर घडते, आणि तिच्या नावात क्लबचं नाव असेलच असं नाही. रशियन अब्जाधीश रोमान अब्रामोविच यांच्या काळात चेल्सीत पैसा ‘फोर्डस्टॅम’ नावाच्या कंपनीतून यायचा. मँचेस्टर युनायटेड घेताना ग्लेझर कुटुंबाने ‘रेड फुटबॉल’ नावाची कंपनी उभी केली. ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या वर ‘वेंकीज लंडन लिमिटेड’ आहे. हो, तेच वेंकीज, पुण्याचे चिकनवाले. त्यांच्याकडे पुढे येते.

वरची कंपनी शोधण्यासाठी तळाच्या कंपनीचा सर्वांत ताजा हिशेब उघडा आणि सरळ शेवटच्या टिपांवर जा. सगळ्यांत वरचा मालक कोण, हे तिथे लिहावंच लागतं. शिवाय कंपनीच्या पानावर, पंचवीस टक्क्यांहून जास्त हिस्सा किंवा ताबा कुणाकडे आहे त्याची वेगळी नोंद असते. नावं वहीत उतरवा. युनायटेडची वरची कंपनी केमन बेटांवर नोंदलेली आहे, पण तिचे शेअर २०१२ पासून न्यूयॉर्कच्या बाजारात असल्यामुळे ती दर तिमाहीला आकडे जाहीर करते. बाकीच्यांसाठी वर्षभर थांबावं लागतं.

थांबायचं कधीपर्यंत? बऱ्याच इंग्लिश क्लबांचं हिशेबाचं वर्ष ३० जूनला संपतं आणि खासगी कंपनीला हिशेब जमा करायला नऊ महिने मिळतात. म्हणजे निकाल लागतो मार्चअखेरीस. आमच्या धंद्यात त्या आठवड्यात श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यामुळे मी हे वाचन एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात करते. तुम्हाला घाई असेल तर तुमचा मार्च तुम्ही बघा.

एक सोय सांगून ठेवते. इंग्लिश हिशेबात आकडे हजार पाउंडात छापलेले असतात. कोटींत आणायचे तर शेवटचे चार अंक दशांश चिन्हाच्या पलीकडे ढकला. १०५,००० असं छापलेलं असेल तर ते साडेदहा कोटी पाउंड. हा आकडा मी उगाच घेतला नाही. तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त इतका तोटा करायला प्रीमिअर लीगने, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या विभागाने, नफा आणि टिकाऊपणाच्या नियमात मुभा दिली होती. ती ओलांडली म्हणून २०२३-२४ च्या हंगामात एव्हर्टनचे आधी दहा गुण कापले, अपिलात ते सहा झाले, नंतर आणखी दोन गेले. त्याच हंगामात नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गेले. त्यांना परवानगी यापेक्षा कमी तोट्याची होती, कारण तीन वर्षांतली दोन वर्षं त्यांनी खालच्या विभागात काढली होती.

पैसा कोणत्या वाटेने आला

ताळेबंदाचं पान उघडा. तीन जागी बोट ठेवायचं: भागभांडवल वाढलंय का, ‘समूहातील कंपन्यांना देणे’ या ओळीत काय आहे, आणि बँका-रोखेधारकांचं देणं किती.

भागभांडवल वाढलं असेल तर ती पदरमोड. मालकाने शेअर घेतले, पैसा क्लबचा झाला, परत मागायची सोय नाही. शेख मन्सूर यांच्या अबू धाबीतल्या कंपनीने १ सप्टेंबर २००८ रोजी मँचेस्टर सिटी घेण्याचा सौदा जाहीर केला, आणि त्याच दिवशी ३.२५ कोटी पाउंडांना ब्राझीलचा खेळाडू रॉबिन्यो आला. तेव्हापासून तिथे मालकाचा पैसा मुख्यतः याच वाटेने ओतला गेला. सिटीबद्दल आक्षेप घ्यायला इतर जागा आहेत, पण क्लबच्या डोक्यावर मालकाचं कर्ज हा त्यातला नाही.

‘समूहातील कंपन्यांना देणे’ ही ओळ फुगलेली दिसली तर ती उसनवारी. इथे लगेच दोन गोष्टी तपासा: व्याज आहे का, आणि परत कधी मागता येतं. ब्रायटनचे मालक टोनी ब्लूम मूळचे त्याच गावचे, पैसा सट्टेबाजीच्या गणितातून कमावलेला. त्यांनी क्लबला तीस कोटी पाउंडांहून जास्त रक्कम बिनव्याजी दिली. गावच्या माणसाने गावच्या क्लबला बिनव्याजी पैसे दिले तर वाईट काय, असं वाटतं ना? मलाही त्यात वाईट दिसत नाही, फक्त ते कर्ज आहे हे विसरू नका. बाजारात जे व्याज पडलं असतं ते वाचलं, म्हणजे ती एक प्रकारची छुपी मदतच झाली, हा मुद्दा २०२४ मध्ये सिटी आणि प्रीमिअर लीग यांच्यातल्या लवादात उचलला गेला आणि लवादाने तो मान्य केला. लीगला आपले नियम बदलावे लागले.

उसनवारीचं सर्वांत मोठं उदाहरण अब्रामोविच. २००३ मध्ये त्यांनी चेल्सी सुमारे १४ कोटी पाउंडांना घेतला आणि पुढच्या एकोणीस वर्षांत फोर्डस्टॅममार्फत सुमारे १५० कोटी पाउंड कर्ज म्हणून दिले. चषक आले, सगळं आलं, पण कागदावर क्लब एका माणसाचा ऋणकोच राहिला. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, त्यांनी हे कर्ज परत मागणार नाही असं जाहीर केलं. आठवड्याभरात ब्रिटिश सरकारने त्यांच्यावर निर्बंध लादले. क्लबचं दुकान बंद, नवी तिकीटविक्री बंद, मॅच खेळायला सरकारचा खास परवाना. मे महिन्यात टॉड बोली आणि क्लिअरलेक कॅपिटल यांच्या गटाने २५० कोटी पाउंडांना क्लब घेतला आणि आणखी १७५ कोटी गुंतवण्याचं वचन दिलं.

आता तिसरी वाट, गळ्यात बांधलेलं कर्ज. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने युनायटेड ७९ कोटी पाउंडांना घेतला तेव्हा त्यातली अर्ध्याहून जास्त रक्कम उधारीची होती आणि त्या उधारीतला मोठा भाग क्लबवर टाकला गेला. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. म्हणजे विकत घेणाऱ्याने विकल्या जाणाऱ्या मालाकडूनच किंमत वसूल करायला घेतली. हे कायदेशीर आहे, हे मुद्दाम सांगते, कारण मुलांना ही चोरी वाटते. वीस वर्षं उलटली, व्याजापायी कोट्यवधी गेले, मुद्दल अजून बसून आहे. चिडलेल्या चाहत्यांपैकी काहींनी त्याच वर्षी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा स्वतःचा क्लब काढला. २०१० मध्ये स्टेडियमभर हिरवे-सोनेरी मफलर दिसू लागले, क्लबच्या सगळ्यांत जुन्या रंगांचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी २७.७ टक्के हिस्सा घेतला आणि खर्च कमी करायला घेतला. शेकडो कर्मचारी घरी गेले, ओल्ड ट्रॅफर्ड या क्लबच्या मैदानावरचं कर्मचाऱ्यांचं कॅन्टीन बंद झालं. मी व्याजाच्या ओळीवर एक बोट ठेवलं आणि कॅन्टीनवर दुसरं, आणि चौथ्या मजल्यावरच्या युनायटेडवाल्या मुलाला दाखवलं. तो म्हणाला, “काकू, म्हणजे अब्रामोविच चांगला आणि ग्लेझर वाईट?” अरे, चांगला-वाईट तू ठरव. माझं म्हणणं इतकंच की एकाने क्लबला स्वतःवर अवलंबून ठेवलं आणि दुसऱ्याने क्लबला स्वतःचं ओझं वाहायला लावलं. दोन्ही रोग आहेत, औषधं वेगळी.

पगार आणि खेळाडूंची किंमत

नफा-तोटा पत्रकातून एकूण उत्पन्न घ्या, टिपांतून पगाराचा एकूण आकडा घ्या, भागाकार करा. शंभर रुपयांच्या उत्पन्नातले सत्तर पगारात जात असतील तर मालकाचा हात आखडला की क्लब अडचणीत येतो. युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, युरोपात खेळणाऱ्या क्लबांना घातलेली मर्यादाही सत्तर टक्केच आहे, त्यात खेळाडू आणि प्रशिक्षकांचे पगार, खेळाडूंच्या किमतीचा वार्षिक हिस्सा आणि एजंटांची दलाली सगळं धरून. शंभराच्या वर आकडा दिसला तर मालक पगार स्वतःच्या खिशातून देतोय असं समजा. इंग्लंडच्या दुसऱ्या विभागात असे आकडे तुम्हाला सर्रास भेटतील. सगळे पहिल्या विभागाच्या टीव्हीच्या पैशाकडे डोळे लावून बसलेले असतात.

खेळाडूच्या किमतीचं गणित जरा थांबून समजून घ्या, बातम्यांतली निम्मी कोडी त्याने सुटतात. खेळाडू विकत घेतला की सगळी किंमत त्या वर्षीच्या खर्चात पडत नाही, ती कराराच्या वर्षांवर वाटली जाते. जानेवारी २०२३ मध्ये चेल्सीने एन्झो फर्नांडेझला १०.६८ कोटी पाउंडांना आणलं आणि साडेआठ वर्षांचा करार केला. वर्षाला खर्च पडला साधारण सव्वा कोटी. पाच वर्षांचा करार असता तर २.१४ कोटींच्या आसपास दिसला असता. पैसा तोच, माणूस तोच, फक्त तोटा पातळ करून पसरवला. ही पळवाट पाहून युएफाने, आणि मागोमाग प्रीमिअर लीगने, कितीही लांबचा करार केला तरी वाटणी पाचच वर्षांवर करायची असा नियम केला.

याचीच दुसरी बाजू विक्रीत दिसते. स्वतःच्या अकादमीत वाढलेल्या मुलाची वहीतली किंमत शून्य असते, म्हणून तो विकला की आलेला सगळा पैसा नफा. सहाव्या वर्षापासून चेल्सीत असलेला मेसन माउंट २०२३ मध्ये साडेपाच कोटी पाउंडांना युनायटेडला गेला, तेव्हा त्यामागे हे गणितही होतं. घरचं पोर विकायला हिशेब उत्तेजन देतो आणि बाहेरचं आणायला करार लांबवायला सांगतो. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांना फुटबॉल कळत असेल, मला शंका आहे.

चेल्सीच्या हिशेबात आणखी एक गंमत आहे. स्टॅमफर्ड ब्रिज या क्लबच्या मैदानाला लागून असलेली दोन हॉटेलं क्लबने ७.६५ कोटी पाउंडांना स्वतःच्याच समूहातल्या कंपनीला विकली, आणि पुढे महिला संघही वरच्या कंपनीकडे दिला. एका खिशातून दुसऱ्या खिशात. प्रीमिअर लीगच्या तेव्हाच्या नियमांत ते बसलं. युएफा असा नफा धरत नाही आणि २०२५ मध्ये तिने चेल्सीला दंड केला. ‘मालमत्ता विक्रीतून नफा’ अशी ओळ दिसली की विकत कुणी घेतलं हे संबंधित पक्षांच्या टिपेत जाऊन बघायचंच.

ग्राउंड कुणाच्या नावावर आहे

ही पायरी माझी आवडती, कारण रोजच्या कामात हेच बघते. ठाण्यात घोडबंदर रोडला तुम्हाला अशा कित्येक सोसायट्या दाखवीन, जिथे लोक वीस वर्षं राहताहेत, मेंटेनन्स भरताहेत, गणपती बसवताहेत, आणि जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर करून देणारा दस्त, मात्र बिल्डरने करून दिलेलंच नाही. पुनर्विकासाची वेळ आली की तो हजर. स्टेडियमचं अगदी तसंच असतं. पंचवीस हजार माणसं ज्या गवताकडे बघून ‘आमचं’ म्हणतात ते क्लबच्या नावावर आहे का, हे एकदा बघून घ्या.

डर्बी काउंटीचे तेव्हाचे मालक मेल मॉरिस यांनी २०१८ मध्ये क्लबचं प्राइड पार्क मैदान स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला सुमारे ८ कोटी पाउंडांना विकलं. त्या वर्षी तोट्याऐवजी नफा दिसला. सप्टेंबर २०२१ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकांकडे गेला, एकवीस गुण कापले गेले, २०२२ मध्ये संघ तिसऱ्या विभागात घसरला. नवा मालक शोधताना सगळ्यांत मोठं घोंगडं हेच भिजत पडलं, कारण क्लब एकाकडे आणि मैदान दुसऱ्याकडे. शेफील्ड वेन्सडेचं हिल्सबरो मैदानही सहा कोटी पाउंडांना मालक देजफॉन चानसिरी यांच्या कंपनीकडे गेलं. त्या व्यवहाराची नोंद कोणत्या वर्षात धरली यावरून आधी गुण कापले गेले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो क्लबही प्रशासकांकडे गेला. पुन्हा बारा गुण वजा.

शोधायचं कसं? स्थावर मालमत्तेच्या टिपेत स्टेडियमची किंमत दिसते का बघा. दिसत नसेल तर भाडेपट्ट्याची टीप बघा, भाडं कुणाला जातं ते बघा. मैदान नगरपालिकेचं असेल तर मला त्याची काळजी वाटत नाही. मालकाच्या वेगळ्या कंपनीचं असेल तर वहीत लाल पेनाने लिहा.

नात्यातले प्रायोजक

यावर मी फार वेळ घालवत नाही, कारण बाहेरून फारसं दिसत नाही. शर्टवरचं नाव आणि मालकाचं घराणं एकाच देशातलं, एकाच कुटुंबातलं आहे का, एवढं बघा. मालकाने थेट पैसा घातला तर तो उत्पन्नात धरत नाहीत, पण भावाच्या कंपनीने जाहिरातीसाठी दिला तर धरतात, सगळा खेळ इथे आहे. मँचेस्टर सिटीवर युएफाने २०२० मध्ये दोन वर्षांची बंदी घातली, क्रीडा लवादाने ती उठवून दंड तीन कोटी युरोंवरून एक कोटीवर आणला. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमिअर लीगने सिटीवर ११५ आरोप ठेवले, क्लब ते नाकारतो. न्यूकॅसलचा ऐंशी टक्के हिस्सा २०२१ मध्ये सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीने घेतला तेव्हापासून बाकीचे क्लब त्यांच्या प्रायोजकांकडे डोळ्यांत तेल घालून बघतात. आपण बघून फार काही निष्पन्न होत नाही.

मालक उठून गेला तर

लेखापरीक्षकाच्या अहवालात ‘गोइंग कन्सर्न’ नावाचा परिच्छेद असतो. पुढचे निदान बारा महिने ही संस्था चालेल का, याबद्दल. तो शब्दन् शब्द वाचा. तिथे बहुतेक वेळा असं काहीतरी सापडतं: वरच्या कंपनीने पाठिंब्याचं पत्र दिलं आहे, त्यावर विसंबून आम्ही हिशेब मंजूर करतो. त्या पत्राला कायद्याने बांधिलकी आहे का, तेही तिथेच लिहिलेलं असतं. नाही असं लिहिलं असेल, तर पूर्ण क्लब एका माणसाच्या मर्जीवर उभा आहे.

मर्जी फिरते. चीनमध्ये जिआंग्सू संघ नोव्हेंबर २०२० मध्ये लीग जिंकला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये बंद पडला, कारण मालक सुनिंग कंपनीचं दुकान डबघाईला आलं होतं. त्याच सुनिंगकडे इटलीतला इंटर मिलानही होता. कर्ज फिटलं नाही म्हणून मे २०२४ मध्ये तो ओकट्री या सावकार फंडाकडे गेला. रशियात आन्झी माखाचकाला क्लबने २०११ मध्ये सॅम्युएल इटोला जगातल्या सर्वांत महागड्या पगारांपैकी एक देऊन आणलं, २०१३ मध्ये मालकाने हात आवरला, २०२२ मध्ये क्लब संपला. आणि इंग्लंडमधला बरी, १८८५ चा क्लब, डिसेंबर २०१८ मध्ये एक पाउंडाला विकला गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला. विकत घेणाऱ्याकडे क्लब चालवायला पैसे आहेत याचा पुरावा लीगने क्लब विकला जाण्याआधी घेतलाच नव्हता.

पुणेकरांचं ब्लॅकबर्न

माझं माहेर पुण्याचं, त्यामुळे या क्लबचा हिशेब मी थोडा आपुलकीने वाचते. ब्लॅकबर्न एका श्रीमंताच्या पैशावर आधीही एकदा उभा राहिला होता. गावचेच पोलाद व्यावसायिक जॅक वॉकर यांनी पैसा ओतला आणि १९९५ मध्ये क्लब प्रीमिअर लीग जिंकला. वेंकीजने तो नोव्हेंबर २०१० मध्ये सुमारे २.३ कोटी पाउंडांना घेतला. महिन्याभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम अलरडाइस यांना काढलं. खेळाडूंना घेऊन चिकनची जाहिरात केली. मे २०१२ मध्ये संघ खाली घसरला त्या मॅचमध्ये प्रेक्षकांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या विभागात पोहोचला.

एवढ्यावरून त्यांना मोडीत काढू नका, ताळेबंद बघा. क्लबवर बाहेरच्या सावकाराचा फास नाही, वर्षानुवर्षं तोटा पुण्याहून भरला गेलाय. म्हणजे मालकाला खेळ कळला नाही, पण मालकाने पैसे देणं थांबवलं नाही, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. अडचण तिसरीकडून आली. भारतातून पैसा बाहेर पाठवण्याचा मुद्दा दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि रक्कम पाठवायला परवानगी आणि तेवढ्याच रकमेची बँक हमी लागू लागली. त्याच काळात, २०२४ च्या खेळाडूंच्या हिवाळी बाजारात, अॅडम व्हॉर्टन हा घरचा गुणी मुलगा क्रिस्टल पॅलेसला सुमारे १.८ कोटी पाउंडांना विकला गेला. पुण्यातला माझा भाऊ अजून अलरडाइसवरच अडकलाय. मी त्याला सांगते, दादा, कोर्टाच्या तारखा बघ, संघनिवड त्यावर चाललीय.

आपल्याकडचे कागद

भारतीय क्लबांचे कागद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए संकेतस्थळावर मिळतात. कंपनीचं नाव शोधा, किरकोळ शुल्क भरा, एओसी-४ मध्ये हिशेब आणि एमजीटी-७ मध्ये भागधारक मिळतील. वाचायची पद्धत तीच, फक्त पगार-उत्पन्नाचा भागाकार करताना मन घट्ट करा. आपल्याकडे टीव्हीच्या पैशातून पगार निघण्याइतकं उत्पन्न क्लबांना होत नाही, त्यामुळे जवळपास सगळा भार मालकाच्या पाठिंब्याच्या पत्रावर.

आमच्या घरापासून जवळ, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, १८ ऑक्टोबर २०१४ रोजी मुंबई सिटीने पुणे सिटीला पाच-शून्य हरवलं. आंद्रे मोरित्झने इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएलमधली पहिली हॅटट्रिक केली. पामबीच रोडवर गाड्यांची रांग लागली होती. दोन हंगामांनंतर मुंबई सिटी अंधेरीला निघून गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहाने तिचा ६५ टक्के हिस्सा घेतला, गोव्याचा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आणि त्याचे बिनीचे खेळाडू आले, आणि २०२०-२१ मध्ये साखळीत पहिल्या येणाऱ्याची ढाल आणि अंतिम सामन्याचा चषक दोन्ही मुंबईला. त्याच २०१९ मध्ये पुणे सिटी, वाधवान समूहाचा क्लब, बंद पडला. त्याच्या जागी हैदराबाद आला, २०२२ चा चषक जिंकला, मग खेळाडूंचे पगार थकले, आणि २०२५ मध्ये तो क्लब नाव बदलून दिल्लीला गेला. त्याआधी २०१० मध्ये महिंद्र युनायटेड बंद झाला होता, तोही चांगला चालणाऱ्या कंपनीचा, तोट्यामुळे नव्हे. कंपनीने फक्त ठरवलं.

म्हणून आपल्याकडच्या क्लबसाठी वहीत एक ओळ वाढवा: लीगचा करार कधी संपतो. भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी नवा ठरला नाही. २०२५-२६ चा हंगाम लांबला आणि ऑगस्टमध्ये काही क्लबांनी पगार थांबवले. मालक कितीही मोठा असो, त्याला खेळायला स्पर्धाच नसेल तर तो पगार का देईल?

चाहत्यांच्या हातात काय असतं, तेही याच पानावर लिहा. जर्मनीत ‘पन्नास अधिक एक’च्या नियमामुळे बहुसंख्य मतं सभासदांकडे राहतात, अपवाद थोडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगमध्ये बाहेरचा गुंतवणूकदार आणायला विरोध म्हणून त्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून मॅचेस अडवल्या आणि तो बेत बारगळला. कोलकात्यात मत नव्हतं, आवाज होता. २०२० मध्ये मोहन बागानच्या नावापुढे लागलेलं एटीके, म्हणजे त्यात विलीन झालेल्या आयएसएल क्लबचं नाव, २०२३ मध्ये निघालं.

शेवटची टीप

वही बंद करण्याआधी ‘ताळेबंदानंतरच्या घटना’ ही टीप काढा. हिशेब जूनचा असतो आणि छापला जातो मार्चमध्ये, मधल्या नऊ महिन्यांत काय झालं ते या टिपेत येतं. एव्हर्टनच्या जून २०२४ च्या ताळेबंदात मालक फरहाद मोशिरी यांचं सुमारे ४५ कोटी पाउंडांचं कर्ज दिसतं. पण डिसेंबर २०२४ मध्ये फ्रीडकिन समूहाने क्लब घेतला तेव्हा ते सगळं भागभांडवलात बदललं गेलं. ताळेबंदच वाचला तर तुम्ही उसनवारीच्या रकान्यात ४५ कोटी लिहाल, प्रत्यक्षात ते पदरमोडीत गेलेत. त्यामुळे कर्जाचा आकडा आधी पेन्सिलीने लिहा, ही टीप वाचून झाल्यावर पेनाने.